तुम्ही विचारलंत म्हणून: शेक कधीच संपले, मग त्याच जागी पुन्हा का?

'डॉक्टर, कॅन्सरसाठी शेक, म्हणजे रेडिएशन, घेऊन वर्ष झालं, आता नवीन औषध चालू केलं तर बरोबर तिथेच कातडी लाल कशी झाली, रेडिएशन अंगात राहिलंय का?' हे मला इतक्या जणांनी विचारलंय की एकदा नीट लिहितेच.

नाही, राहिलेलं नाही. मशीनने बाहेरून दिलेलं रेडिएशन मशीन बंद झालं की संपतं. पण त्या जागच्या पेशी आणि बारीक रक्तवाहिन्या पूर्वीसारख्या राहत नाहीत, आणि नंतर एखादं औषध गेलं की नेमकी तेवढीच जागा सुजते. याला रेडिएशन रिकॉल म्हणतात. का होतं याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडेच नाही. 1959 मध्ये ॲक्टिनोमायसिन डी या औषधाबाबत हे पहिल्यांदा लिहिलं गेलं, मग डॉक्सोरुबिसिन, डोसेटॅक्सेल, जेमसायटाबिन या किमोच्या औषधांनी होताना दिसलं, आणि आता निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅबसारखी इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी औषधं), फुफ्फुसाच्या कॅन्सरची ओसिमर्टिनिबची गोळी, मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरवरचं वेमुराफेनिब, यांनीही. तसं हे कमीच जणांना होतं, पण रेडिएशननंतर काही दिवसांनीही होऊ शकतं आणि काही वर्षांनीही.

कातडीवर झालं तर निदान दिसतं तरी. मला खरी काळजी वाटते ती फुफ्फुसाची. खोकला, धाप, बारीक ताप, एक्सरेत डाग, की आपल्याकडे आधी न्यूमोनिया नाहीतर टीबी, आणि घरच्यांच्या मनात लगेच कॅन्सर पसरला. इन्फेक्शन आणि कॅन्सर दोन्ही तपासायलाच हवेत, त्यात वाद नाही, पण सोबत जुना रेडिएशन प्लॅन, म्हणजे किरण कुठून कुठे दिले त्याचा आराखडा, सीटीशेजारी ठेवून बघायला हवा, कारण रिकॉलचा डाग बरेचदा जिथून किरण गेले तेवढ्याच पट्ट्यात असतो, कडा सरळ कापल्यासारखी. आणि तो प्लॅनच पेशंटकडे नसतो! रेडिएशन एका शहरात, किमो दुसरीकडे, कार्डावर फक्त 'आरटी (रेडिएशन) दिलं' एवढंच. हे मला अजिबात पटत नाही. कुठल्या भागाला, किती ग्रे (रेडिएशनच्या डोसचं माप), किती फ्रॅक्शन (किती वेळा विभागून), कुठल्या तारखांना, एवढं तरी लिहून मागा, तुमचा हक्क आहे तो, आणि नवीन औषध सुरू करणाऱ्या डॉक्टरांना आपणहून दाखवा.

असा त्रास सुरू झाला तर औषध मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. बहुतेक वेळा आम्ही ते थांबवतो, गरज पडली तर स्टेरॉइड देतो, आणि सूज उतरल्यावर काहींना तेच औषध पुन्हा देताही येतं, प्रत्येक वेळी त्रास परततोच असं नाही.