शेवटच्या गाण्याला अडकणारा प्लेअर

"पहिली गाणी ठणठणीत. शेवटच्या दोनांवर अडकतो," प्लेअर टेबलावर ठेवत काका म्हणाले. गिऱ्हाइकाने असं नेमकं सांगितलं की निम्मं काम झालंच. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे शेवटची गाणी कडेला. लेन्स ज्या दांडीवरून सरकते तिथलं ग्रीस वाळून चिकट झालं की कडेला जाताना ती अडखळते.

पण आधी कुणा महाभागाने "लेसर गेला" म्हणून पिकअपवरचा (लेन्स आणि लेसर असलेल्या भागावरचा) प्रीसेट, म्हणजे लेसरची ताकद ठरवणारा बारीक स्क्रू, पिळून ठेवला होता. त्याने प्लेअर थोडे दिवस झकास वाजतो आणि मग लेसर खरंच जातो. अशांच्या हाती स्क्रूड्रायव्हर देऊ नये.

ग्रीस बदललं, लेन्स पुसली, प्रीसेट जपून मागे आणला. सिग्नलचा आलेख दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर जाळीतले हिरे स्वच्छ उमटले, म्हणजे वाचन नीट. हे दृश्य मला अजूनही आवडतं. तबकडीवरच्या मागाच्या दोन वेढ्यांमधलं अंतर 1.6 मायक्रॉन, तबकडी डुगडुगत फिरतेय, वेग मिनिटाला सुमारे 500 फेऱ्यांवरून 200 वर उतरतोय, आणि लेन्स माग सोडत नाही!

काकांचीच सीडी लावून तपासताना मी माझं नेहमीचं पालुपद म्हटलं, "हे फोनवरही मिळतं की. लॉसलेस, काहीही न गाळलेलं. सीडीचेच 16 बिट, तेच 44.1 किलोहर्ट्झ."

"मिळतं ना. पण त्यात पहिलं हळू गाणंसुद्धा ओरडतं."

मी हसलो. वयाचा कान, असं मनात म्हटलं.

रात्री निव्वळ हट्टापायी ती सीडी संगणकावर उतरवली आणि त्याच अल्बमची लॉसलेस फाइल विकत घेऊन शेजारी ठेवली. मुखपृष्ठ तेच, नाव तेच. सीडीच्या आवाजाच्या आलेखात डोंगर-दऱ्या, तर फाइलमध्ये कात्रीने छाटलेलं कुंपण. नव्या रीमास्टरमध्ये, म्हणजे जुन्याच ध्वनिमुद्रणाच्या नव्याने बेतलेल्या आवृत्तीत, सगळं दाबून मोठं केलेलं. स्ट्रीमिंगवाले आवाजाची पातळी सारखी करतात खरी, पण त्याने सगळंच एकसारखं खाली येतं. बुजलेल्या दऱ्या परत उघडत नाहीत. सीडीवरची ती जुनी आवृत्ती (मास्टर) शोधली, ॲपवर कुठेच नव्हती.

यात सीडीची थोरवी नाही. नव्वदीच्या अखेरच्या कितीतरी सीड्या अशाच छाटलेल्या आहेत. माझे आकडेही बरोबरच होते. मी डबा मोजत होतो, काका आतल्या मालाबद्दल बोलत होते.

दुसऱ्या दिवशी आलेख दाखवला. त्यांनी जेमतेम नजर टाकली. "शेवटचं गाणं लावा." पूर्ण वाजेपर्यंत उभे राहिले आणि प्लेअर उचलून गेले.

मला आठवत राहिला तो दुसराच गिऱ्हाईक. माझं ते पालुपद ऐकून त्याने खोकंभर सीड्या भंगारात दिल्या होत्या. त्यात काय काय होतं, हे मी विचारलंही नव्हतं.