म्युनिकमध्ये सावर क्रीमला पर्याय शोधताना

न्यू जर्सीतील मुक्काम संपवून आम्ही म्युनिकला राहायला आलो, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात सर्वांत जास्त खोळंबा झाला तो सावर क्रीम (विरजण लावून आंबवलेली घट्ट मलई) लागणाऱ्या पदार्थांचा. अमेरिकेतील अनेक मराठी घरांप्रमाणे आमच्याकडेही पाडव्याचे श्रीखंड टांगलेल्या दह्यात सावर क्रीम मिसळून होत असे, मुलांना टाकोवर आणि भाजलेल्या बटाट्यावर ते हवेच असे, आणि दालचिनीचा जो केक मी तिकडे शिकले त्याचा सगळा मऊपणा त्यावरच अवलंबून होता. जर्मनीत दुधाच्या पदार्थांची मुळीच वानवा नाही. अडचण होती ती उलट दिशेची, कारण दुकानातील एकाच फळीवर चार-पाच मिळतेजुळते डबे शेजारी शेजारी मांडलेले असतात आणि त्यांतील कोणता डबा कोणत्या पदार्थाला चालेल, हे डब्यावरील चित्रावरून कळत नाही.

शब्दकोशात पाहिले, तर सावर क्रीमसाठी ‘साउअरराम’ हे नाव सापडते. त्या डब्यात मात्र बहुधा १० टक्केच स्निग्धांश असतो, आणि अमेरिकेतील नियमानुसार साध्या सावर क्रीममध्ये तो किमान १८ टक्के असावा लागतो. म्हणून मी नावे बाजूला ठेवून डब्यावरील स्निग्धांशाचे आकडे वाचू लागले आणि तेथून सगळे सोपे होत गेले. ‘श्मांट’ या नावाच्या घट्ट, चमच्याला धरून राहणाऱ्या मलईत २० ते २४ टक्के स्निग्धांश असतो, तर ‘क्रेम फ्रेश’मध्ये ३० टक्के किंवा त्याहून अधिक. पूर्व युरोपातील लोकांच्या किराणा दुकानांत ‘स्मेताना’ मिळते. तिचे कमी-अधिक स्निग्धांशाचे प्रकार असतात, आणि त्यांतील २० टक्क्यांची स्मेताना मला चवीला अमेरिकन सावर क्रीमच्या सर्वांत जवळची वाटते. ती दुकाने घराजवळ असतील, तर पुढची बरीच खटपट वाचते.

केकसाठी मी श्मांट वापरते. २४ टक्क्यांच्या श्मांटचा २०० ग्रॅमचा डबा आणि साधारण ५० मिलिलिटर पूर्ण मलईचे दूध एकत्र फेटले, की सुमारे २० टक्के स्निग्धांशाचे, जवळजवळ एक अमेरिकन कप भरेल इतके मिश्रण तयार होते. श्मांट संपले असेल, तर साउअरराम आणि क्रेम फ्रेश समप्रमाणात मिसळूनही तोच आकडा गाठता येतो. येथे गोडी मलई घालून भागत नाही, कारण अशा केकमध्ये खाण्याचा सोडा असतो आणि त्याला फुलवायला मलईचा आंबटपणाच लागतो. हा सोडा जर्मनीत ‘नाट्रोन’ या नावाने मिळतो, आणि तो बेकिंग पावडरपेक्षा वेगळा असतो, हे नव्याने आलेल्या प्रत्येकीला मी आवर्जून सांगते.

गरम रश्शात घालायचे असेल, तर हिशेब बदलतो. साउअररामात स्निग्धांश कमी आणि प्रथिने तुलनेने जास्त असल्यामुळे उकळत्या, आंबट रश्शात ते फुटते आणि वर कण तरंगू लागतात, तर क्रेम फ्रेश उकळी आली तरी एकजीव राहते. घरात साउअररामच असेल, तर त्यात आधी चमचाभर मैदा कालवावा, थोडा गरम रस्सा घालून ते सैल करावे आणि भांडे चुलीवरून उतरवल्यावरच मिसळावे. ताक फुटू नये म्हणून आपण कढीला डाळीचे पीठ लावतो, त्यामागेही हेच कारण आहे.

श्रीखंडाबद्दल मला जरा सविस्तर लिहायचे आहे, कारण जर्मनीतील बहुतेक मराठी घरांत चक्क्याऐवजी ‘क्वार्क’ (ताजे, मऊ चीज) वापरला जातो आणि तो सोयीचाही आहे. क्वार्कच्या डब्यावर ४० टक्के असा आकडा दिसला, तरी तो पाणी वगळून उरलेल्या घन भागातील स्निग्धांशाचा असतो. प्रत्यक्षात त्या डब्यात दहा-अकरा टक्क्यांच्या आसपासच स्निग्धांश भरतो. बिनमलईच्या क्वार्कचे श्रीखंड मला कोरडे आणि किंचित पिठूळ लागते. त्यात निम्मे श्मांट मिसळले, की तो दोष जातो. मात्र क्वार्क करताना विरजणाबरोबर थोडे रेनेटही (दूध गोठवणारे, अनेकदा वासराच्या जठरातून काढलेले विकर) वापरले जाते, आणि युरोपातील नियमांप्रमाणे चीजच्या वर्गातील पदार्थांत अशा विकराचा उल्लेख डब्यावर असलाच पाहिजे असे नाही. ज्यांच्या घरी कडक शाकाहार पाळला जातो, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. नैवेद्याच्या श्रीखंडासाठी मी १० टक्के स्निग्धांशाचे ग्रीक पद्धतीचे दही रात्रभर फडक्यात टांगते, सकाळी त्यात एक डबा श्मांट घालते आणि पुरणयंत्रातून काढून साखर, केशर, वेलदोडा मिसळते. त्याला अमेरिकेतील श्रीखंडापेक्षा आंबटपणा थोडा कमी येतो, त्यामुळे साखरही मी हात राखून घालते.

यानंतर मी घरीच सावर क्रीम लावू लागले, आणि आता माझा ओढा तिकडेच अधिक आहे. ज्या घरात लोण्यासाठी साय विरजत असे, तेथे वाढलेल्या कोणालाही हे काम परके वाटणार नाही. फरक आहे तो विरजणात आणि हवेत. दह्यातील जिवाणूंना ४० ते ४५ अंशांची ऊब मानवते, त्यामुळे म्युनिकच्या थंड स्वयंपाकघरात दह्याचे विरजण रेंगाळते. बाजारी ताकातील जिवाणू मात्र २० ते २५ अंशांतच नीट काम करतात. म्हणून २०० मिलिलिटर ताज्या मलईत दोन मोठे चमचे ताक ढवळून, वर सैल झाकण ठेवून मी ते दिवसभर ओट्यावर राहू देते आणि घट्ट झाले की फ्रिजमध्ये हलवते. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होते. ताक घेताना ते आंबवल्यानंतर पुन्हा तापवलेले नाही, एवढे डब्यावर पाहून घ्यावे, कारण तापवलेल्या ताकात जिवंत विरजण उरत नाही. तयार होणारी मलई सुमारे २८ ते ३० टक्क्यांची, म्हणजे क्रेम फ्रेशच्या जवळची असते. टाकोवर घालायची असेल, तर थोड्या दुधाने सैल करून मीठ आणि लिंबाचे चार थेंब घातले की पुरते. पुढच्या खेपेसाठी त्यातलेच दोन चमचे काढून ठेवते, आणि चव बोथट होऊ लागली की विरजणाला नवे ताक आणते.