नाकाच्या मापाचं

सीपॅप, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या आजारावर (स्लीप ॲप्निया) रात्री लावायचं हवेचं मशीन, घ्यायला निघालेलं कुटुंब फ्रिज घ्यायला निघाल्यासारखं निघतं. कंपनी कुठली, वॉरंटी किती, हप्ते पडतील का, आणि शेवटी "अजून थोडं कमी करा की". मशीनवर तासभर घासाघीस होते. मग डीलर खोक्यातून एक मास्क काढतो, "मीडियम बसेल तुम्हाला" म्हणतो आणि कोणी मान वर करूनही बघत नाही. वास्तविक मशीन स्टुलावर बसणार असतं. चेहऱ्यावर बसणार असतो तो मास्क. माळ्यावर गेलेल्या मशीनची चौकशी करा, मोटर बिघडलेली क्वचितच निघते. नाकाच्या दांड्यावर पडलेला व्रण, डोळ्यांत शिरणारा वारा, सकाळी कोरडाठाक घसा, ही खरी कारणं.

यंत्राचं काम तसं साधं. झोपेत घसा सैलावतो, वाट मिटते आणि निदान दहा सेकंद श्वास अडतो. श्वास असा पूर्ण किंवा अर्धवट अडण्याचे प्रसंग तासाला किती, तो आकडा म्हणजे एएचआय. पाचच्या खाली चिंता नाही, तीसच्या वर आजार गंभीर. मशीन हवेच्या दाबानं ती वाट उघडी धरून ठेवतं. हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि तो घरीच अनुभवता येतो. उंच पेल्यात स्ट्रॉ दहा सेंटीमीटर बुडवून हळूच फुंका. पहिला बुडबुडा सुटायला जेवढा जोर लागतो, तो दहाचा दाब. बहुतेक मशीन चार ते वीसच्या दरम्यान चालतात.

१९८० साली सिडनीत डॉ. कॉलिन सुलिव्हान यांनी हा प्रयोग पहिल्यांदा केला तेव्हा व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरली होती. मास्क मात्र रुग्णाच्या नाकाचा साचा घेऊन बनवायचे आणि रोज रात्री सिलिकॉननं चिकटवायचे. मोटर मिळेल ती, पण मास्क नाकाच्या मापाचा! इतक्या वर्षांत मोटर तळहातावर मावेल एवढी झाली आणि माप घेणं मात्र आपण सोडून दिलं.

मास्क तीन जातींचे. नाकपुड्यांना टेकणारे पिलो, नाक झाकणारा नेझल, आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारा फुल फेस. मिशी राखणाऱ्यांना पिलो बरा पडतो, कारण तो मिशीवर बसत नाही. दाब बराच जास्त असेल तर मात्र तो नाकपुड्यांना बोचतो. तोंड उघडं ठेवून झोपणाऱ्याची नाकातून गेलेली हवा तोंडावाटे निघून जाते. त्याला हनुवटीचा पट्टा किंवा फुल फेस लागतो. पण नाक नेहमीच चोंदलेलं असेल, तर आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावं.

चप्पल आपण घालून चार पावलं चालून बघतो. मास्कही तसाच बघायचा, पण आडवं होऊन आणि मशीन चालू ठेवून. बसल्यावर गच्च वाटणारा मास्क उताणं झोपल्यावर गाल मागे सरकले की फुसफुसू लागतो. आधी चेहऱ्यापासून जरा उचलून हवा भरू द्यावी, मग टेकवावा, म्हणजे सिलिकॉनची पातळ कड फुगून नीट बसते. गळती झाली की सगळे पट्टे आवळतात आणि तिथंच चुकतं. आवळल्यानं कड चुरगळते, गळती वाढते, वर नाकावर व्रण. दोन पट्टे एकेक बोटभर सैल करून पाहावेत. मास्कच्या पुढच्या बाजूला बारीक भोकं असतात. तिथून सतत येणारा सूं आवाज गळतीचा नव्हे, उच्छ्वासाची हवा तिथूनच बाहेर पडते. शेजारच्याची झोप मोडते म्हणून त्यावर चिकटपट्टी लावणारे महाभाग आहेत. तसं अजिबात करू नये.

आता मशीन. एकच दाब देणारं स्वस्त, गरजेप्रमाणे दाब बदलणारं ऑटो महाग, आणि श्वास घेताना-सोडताना वेगळा दाब देणारं बायपॅप त्याहून महाग. डॉक्टरांनी सांगितलं नसताना बायपॅप घेणं म्हणजे दोघांच्या घराला मिनीबस घेणं. ऑटो मशीन बरेचदा चार ते वीस असं मोकळं सोडलेलं येतं. चारवर अनेकांना हवा अपुरी वाटते, गुदमरल्यासारखं होतं, आणि दाब वर चढेपर्यंत माणूस मास्क काढून फेकतो. मशीनमधली एक-दोन आठवड्यांची नोंद बघून डॉक्टर दाबाची ही मर्यादा आवळतात, समजा आठ ते तेरा. हे न करताच "मला मशीन सोसत नाही" म्हणणाऱ्यांची संख्या थोडी नाही.

म्हणून पहिला महिना मशीन भाड्यानं आणावं, मास्क मात्र स्वतःचा घ्यावा. पुढं तेच मशीन घेतलं तर भाडं किमतीत वळतं करणारे डीलर असतात, ते आधी लिहून घ्यावं. हिशेब असा: मशीन पन्नास हजारांचं आणि पाच वर्षं चाललं, तर रात्रीचे सत्तावीस रुपये. मास्क, वर्षाला त्याची एखादी नवी गादी (चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग), फिल्टर हे धरले की पस्तीस-चाळीस. गादी सुटी मिळते का आणि केवढ्याला, हे मशीनच्या किमतीआधी विचारावं. आरोग्य विम्याचा भर दवाखान्यात दाखल होण्यावर असतो, घरच्या मशीनचा दावा बहुधा नाकारतात. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत (सीजीएचएस) ठराविक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात, पण मंजुरी आधी घ्यावी लागते. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणणाऱ्याला हात जोडावेत. वॉरंटी सिरियल नंबरावर चालते.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, पण मोटारीचे किलोमीटर बघतो तसे मशीनचे तास बघावेत. रोज आठ तास म्हणजे वर्षाला सुमारे २,९०० तास. मीटर पंधरा हजारांवर गेला असेल तर पाच वर्षं झाली, मग ते फुकट मिळालं तरच बघावं. २०२१ च्या जूनमध्ये फिलिप्सनं आतला आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत मागवली होती. त्याआधीचं त्यांचं मशीन असेल तर नंबर तपासल्याशिवाय घेऊ नये. मास्क आणि नळी नवीच हवी, दुसऱ्याची चप्पलही आपण घालत नाही.

ह्युमिडिफायरमध्ये, म्हणजे हवा ओलसर करणाऱ्या टाकीत, डिस्टिल्ड पाणीच घालावं, बोअरचं घातलं तर महिन्याभरात तळाला पांढरा थर धरतो. मुंबईच्या पावसाळ्यात तो बंद ठेवला तरी चालतं, विदर्भाच्या उन्हाळ्यात मात्र लागतोच. एसीच्या खोलीत नळीत वाफ थंड होऊन पाणी साचतं आणि मध्यरात्री नाकात थेंब येतो. मशीन उशीपेक्षा खाली ठेवावं आणि नळीला जुन्या सुती साडीची खोळ शिवावी. हलवण्याआधी टाकी काढायची, पाणी मोटरमध्ये गेलं तर हिशेब परत पहिल्यापासून. जमिनीवर ठेवलेलं मशीन धूळ ओढतं, डासांची अगरबत्ती जवळ असेल तर धूरही. फिल्टर काळा पडला की बदलावा.

मास्कची गादी रोज सकाळी साध्या साबणानं धुवावी आणि सावलीत वाळवावी, उन्हात सिलिकॉन लवकर कडक होतं. रात्री चेहरा धुऊन झोपावं, कारण तेलकट कातडीवर ती कड घसरते. डोक्याला खोबरेल चोपडून झोपायची सवय असेल तर ते तेल आता रविवारी सकाळी, अंघोळीच्या आधी.