चांदीच्या ब्रशची पाठ

जुन्या ब्रिटिश ड्रेसिंग टेबल सेटमधला चांदीचा ब्रश हातात आला की मी थेट त्याची पाठ बघते. ब्रश, हातातला आरसा, कंगवा, पावडरचा डबा, कधी ट्रेसुद्धा, असा सेट असायचा आणि सगळ्यांवर एकच डिझाइन, त्यावरूनच काळाचा अंदाज येतो, मग हॉलमार्कमधलं वर्षाचं अक्षर बघून खात्री करायची. त्यात जहाजाचा नांगर असला तर बर्मिंगहॅमचा, चालता सिंह असला तर स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी.

व्हिक्टोरियन काळाच्या शेवटच्या सेटवर फुलं, वेलबुट्टी, पक्षी नुसते खचाखच. त्यातलं फेमस डिझाइन म्हणजे रेनॉल्ड्सच्या देवदूतांचं. इंग्लिश चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्सने १७८७ मध्ये एकाच छोट्या मुलीचे पाच चेहरे ढगांत पंख लावून रंगवले होते, लंडनचा चांदीकाम करणारा विल्यम कॉमिन्स, त्याने तेच चांदीवर उठवलं आणि लोकांना ते जाम आवडलं. एवढा उठाव परवडायचा कारण चांदीचा पातळ पत्रा डायमध्ये, म्हणजे साच्यात, दाबून काढायचे आणि आत पोकळीत राळेसारखं काहीतरी भरायचे. म्हणून वर्षानुवर्षं पॉलिश केलेल्या ब्रशवर देवदूतांची नाकं आधी झिजतात, कधी कधी तर भोकच पडतं, बघून खरंच वाईट वाटतं.

१९०० च्या आसपास आर्ट नूवो नावाची शैली आली, मोकळ्या केसांच्या बायका, कमळं, लांब वळणदार देठ. मला सुंदर वाटतं पण जीव तिथे अडकत नाही.

माझा जीव अडकतो १९२०-३० च्या आर्ट डेको शैलीत! उठाव गायब, पाठ सपाट, मशीनवर कोरलेल्या बारीक रेघा सूर्यकिरणांसारख्या पसरलेल्या आणि त्यावर फिकट निळं, गुलाबी नाहीतर हिरवं पारदर्शक मीनाकाम, ब्रश जरा तिरका केला की रेघा आतून हलल्यासारख्या दिसतात. बायकांनी केस कापले, कपडे सुटसुटीत झाले, टेबलावरही तेच आलं. काही लोक याला मशीनचं काम म्हणून कमी लेखतात, मला ते अजिबात पटत नाही, त्या मशीनचं हँडल माणूसच फिरवायचा आणि मीनाही माणूसच भट्टीत लावायचा, अहो डायमधले देवदूत तरी कुठे हाताने घडवलेले?

घ्यायचाच असेल तर उजेडात तिरका धरून मीनाच्या कडा नीट बघा, टवका उडाला असेल तर दुरुस्ती अवघड आणि महाग. आणि उठावाच्या ब्रशला पॉलिश हलक्या हाताने, पाण्यात बुडवायचा नाही, आत पाणी गेलं की भरलेलं सगळं सैल होतं.