‘उतरव’

आपल्या शाळेच्या मैदानाचं खरं माप फार थोड्यांना माहीत असेल. पिंपळाच्या पारापासून सायकल स्टँडच्या भिंतीपर्यंत ३४ मीटर. २०१२ साली, मी सातवीत असताना, पीटीच्या सरांनी आम्हा मुलींकडून टेप धरून ते मोजून घेतलं होतं. “इंडियन राऊंडला, म्हणजे बांबूच्या धनुष्याच्या नेमबाजीला ३० लागतात, उरलेल्या ४ मध्ये तुम्ही उभ्या राहा,” म्हणाले आणि मुख्याध्यापिका बाईंची परवानगी घेऊन आले. बांबूची चार धनुष्यं, पेंढ्याचे गठ्ठे, भिंतीला टेकवलेली वाळूची पोती, एवढ्यावर आमची धनुर्विद्या सुरू झाली. जिल्हा स्पर्धेला पीएमटीनं निघालो, तेव्हा पिशवीत गुंडाळलेली ती लांबलचक धनुष्यं बघून कंडक्टरनं विचारलं होतं, “काय, पडदे लावायला चाललात?”

एक दुपार मात्र पक्की लक्षात आहे. मी दोरी हनुवटीपर्यंत ओढलेली, बाण सुटणार इतक्यात शिपाईमामा चहाची किटली घेऊन सायकल स्टँडच्या दारातून बाहेर आले. निवांत, थेट गठ्ठ्यांसमोरून. सर ओरडले नाहीत. ओरडले असते तर दचकून माझी बोटं नक्की सुटली असती. माझ्या कानाशी येऊन अगदी हळू म्हणाले, “उतरव.” ओढलेली दोरी न सोडता परत जागेवर आणणं हे बाण मारण्यापेक्षा अवघड असतं, ते तेव्हा कळलं. खांद्यापासून मनगटापर्यंत हात लटपटत होता. मामांना काही पत्ताच नाही. जाता जाता त्यांनी किटली वर करून विचारलं, “सर, घेताय का अर्धा कप?”

सरांनी घेतला. मग आम्हाला रोज दहा वेळा नुसतं ओढून उतरवायला लावलं. आम्ही वैतागलो होतो.

नववीत रिकर्व्ह, म्हणजे ऑलिंपिकमध्ये असतं ते धनुष्य, हातात आलं. धनुष्य सुटं करून पाठीवरच्या बॅगेत बसतं, त्यामुळे कंडक्टरचे प्रश्न थांबले आणि बाबांचे हिशेब सुरू झाले. चांगला संच लाखाच्या पुढे जातो. माझं रायझर, म्हणजे मधली मूठ, एका ताईचं वापरलेलं होतं; लिम्ब्ज, म्हणजे वरखालच्या पात्या, तेवढ्या नव्या. तरी बाबांनी स्कूटर बदलणं तीन वर्षं पुढं ढकललं. पहाटे बालेवाडी, मग शाळा. आधी ६० मीटर, पुढे ७०. ७० मीटरवरच्या १२२ सेंटिमीटरच्या कागदात दहाचं वर्तुळ १२.२ सेंटिमीटरचं, म्हणजे साधारण आपल्या चहाच्या बशीएवढं.

अकरावीत माझं बिनसलं. रिकर्व्हला क्लिकर म्हणून पत्र्याची पातळ पट्टी असते. बाणाचं टोक तिच्याखालून मागे सरकलं की ती ‘टक्’ वाजते आणि मग बोटं सोडायची, म्हणजे दर वेळी ओढ सारखी राहते. माझी बोटं ‘टक्’च्या आधीच सुटायला लागली. नेम मधल्या पिवळ्या वर्तुळावर आला की धीरच धरवेना. दोन महिने कागद न लावता, तीन मीटरवरून नुसत्या गठ्ठ्यात बाण मारले. चार बाण मारायचे, पाचवा उतरवायचा. सरांबद्दल मी काही सांगितलं नसतानाही बालेवाडीच्या कोचनी त्यांचाच गृहपाठ दिला होता.

कारकीर्द म्हणावी तर राज्य पातळीवरची दोन पदकं आणि एकदा ज्युनियर नॅशनल, तिथं पहिल्याच फेरीत घरी. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला फलटणजवळच्या सरडे गावचा प्रवीण जाधव ७० मीटरवर उभा राहिला, ती लढत मी फोनवर श्वास रोखून बघितली. २०२३ मध्ये साताऱ्याची आदिती स्वामी बर्लिनला जगज्जेती झाली, तेव्हा प्रत्येक लग्नात मला विचारणा व्हायची, “तुझंही तेच ना?” तेच नाही हो. तिचं कंपाउंड धनुष्य : त्याला चाकं असतात, नेमाला भिंग असतं, अंतर ५० मीटर. हे सांगेपर्यंत मामी जिलबीकडे वळलेल्या असायच्या.

तिसरं पदक थोडक्यात हुकलं. कांस्यपदकाची लढत, ५-५ बरोबरी, म्हणून शूट-ऑफ. एकच बाण, २० सेकंद. समोरच्या मुलीनं ९ मारला होता. मी ओढलं, वाऱ्यानं कागदाच्या वरचा छोटा झेंडा आडवा झाला, क्लिकर काही वाजेना. घड्याळात ९ सेकंद उरले असताना मी उतरवलं. पुन्हा ओढलं, दोन सेकंद राखून सोडला. ८.

मंडपात आई म्हणाली, “पहिल्यांदा ओढलंस तेव्हाच सोडायचा होतास.” बरोबरही असेल तिचं, मला आजही ठरवता येत नाही. रात्री सरांना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “उतरवलंस?”

“हो सर.”

“बरं. जेवलीस का?”

सर आणि मामा दोघंही आता निवृत्त झालेत. गेल्या वर्षापासून नोकरी सांभाळून शनिवारी मी सातवीच्या मुलींना शिकवायला शाळेत येते. सायकल स्टँडच्या जागी नवी इमारत झाली आहे, भिंत बरीच पुढं आलीय. पहिल्याच दिवशी मुलींना टेप धरायला लावला. २१ मीटर भरलं. इनडोअरला १८ लागतात, उरलेल्या ३ मध्ये आम्ही उभ्या राहतो.