गालिबची पत्रं घेऊन दिल्लीला

रतलाम गेलं तेव्हा डब्यातले मोठे दिवे मालवलेले होते. वरच्या बर्थवर, उशाशी असलेल्या छोट्या दिव्याच्या उजेडात मी मिर्झा गालिबची पत्रं वाचत होते. गालिबचे शेर पाठ असलेली माणसं पुष्कळ भेटतात, मला मात्र तो पत्रांमध्येच जास्त जवळचा वाटतो. त्या काळचे लांबलचक मायने बाजूला सारून तो थेट 'मीर मेहदी!' अशी हाक मारतो आणि समोर बसल्यासारखा बोलू लागतो.

१८५७ नंतरची पत्रं सलग वाचवत नाहीत. पेन्शन बंद, धाकटा भाऊ गेलेला, दोस्त कुणी मारले गेलेले, कुणी परागंदा. हरगोपाल तफ्ता या शिष्याला तो कळवतो, की या एकटेपणात मी पत्रांच्याच भरवशावर जगतोय. ज्याचं पत्र आलं, तो स्वतःच आला असं समजतो. पुस्तक छातीवर पालथं ठेवून मी बराच वेळ तशीच पडून राहिले.

मीर मेहदीला तो लिहितो, की दिल्ली पाच गोष्टींवर उभी होती: किल्ला, चांदणी चौक, जामा मशिदीपाशी रोज भरणारा बाजार, दर आठवड्याला जमनेच्या पुलावरचा फेरफटका आणि वर्षातून एकदा फुलवाल्यांचा मेळा. पाचही गेल्या, मग दिल्ली कुठली?

सकाळी उतरले ती हे पाच शोधायलाच. लाल किल्ल्यात इंग्रजांच्या बराकींसमोर पाय थांबले. आतले महाल पाडून त्यांनी त्या बांधल्या, हे माहीत होतं, पण आदल्या रात्री ती पत्रं वाचलेली असली की दगडसुद्धा निराळे दिसतात. जामा मशिदीभोवती मात्र पाय ठेवायला जागा नव्हती. इतकं बरं वाटलं!

तिथून चालत बल्लीमारान. चष्म्यांची आणि चपलांची दुकानं ओलांडली की गली कासिमजान. १८६९ मध्ये गालिब इथेच गेला. हवेलीतला त्याचा अर्धपुतळा आपल्या सोलापूरच्या भगवान रामपुरे यांनी घडवलाय, गुलजारांनी दिलेला. पुतळा डोळे भरून पाहिला आणि मग नजर वर छताकडे गेली. ढग दोन तास बरसला तर छत चार तास बरसतं, असं त्यानं आपल्या भाड्याच्या घराबद्दल लिहून ठेवलंय.

मेळ्याचे हे दिवस नव्हेत. जमनेचा पूल राहिलाय, तिथे उद्या सकाळी.