निवृत्ती हरवला त्या रात्री

पंढरीच्या वारीत दिवे घाटाचा लांब टप्पा पायांनी मुकाट्याने सोसला. जेजुरी सोडून वाल्ह्याच्या वाटेला लागल्यावर मात्र उजव्या टाचेला मोठा फोड आला. आमची दिंडी पुढे निघून गेली होती, सामानाचा ट्रक कुठे उभा आहे हे कोणी धड सांगत नव्हते आणि मोबाइलला रेंज नव्हती. या शेवटच्या गोष्टीने मी सर्वांत अधिक चिडले होते. माझ्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे आणि ती यंदाच प्रथम वसतिगृहात राहायला गेली आहे. रात्री झोपेत तिची साखर उतरली तर तिला कोण उठवणार, हा प्रश्न आळंदीपासून माझ्याबरोबर चालत होता. हरिपाठातही तो थांबत नसे.

रस्त्याकडेच्या झाडाखाली परभणीकडच्या एका आजींनी मला हाताला धरून बसवले. "टाच दाव, माऊली," म्हणत त्यांनी पिशवीतून सुई काढली, काडी ओढून तिचे टोक तापवले, फोडातून दोरा ओवला आणि पाणी झिरपत राहावे म्हणून तो आतच राहू दिला. मग जुन्या लुगड्याची चिंधी टाचेला बांधली. तोवर त्यांचीही दिंडी समोरून निघून गेली. त्यांनी मान वर करून पाहिलेही नाही.

माझ्या पिशवीतले पुस्तक पाहून त्यांनी विचारले, "पोथी का?"

"नाही आजी, कादंबरी आहे."

"मग सांग की, काय झालं तिच्यात."

मी सांगितले. मुलगा जहाजावर नोकरीला गेलेला असतो आणि आई घरी झुरत असते. पुस्तकाचा अर्धा भाग आईच्या मनातून लिहिलेला आहे, उरलेला मुलाच्या. आईबरोबर इतकी पाने काळजीत काढलेला वाचक जहाजावर पोहोचतो तेव्हा त्याला दिसते की मुलगा घाबरलेला असला तरी एकटा नाही. तिथला म्हातारा खानसामा रोज त्याच्यासाठी ताट झाकून ठेवतो. आईला हे कधीच कळत नाही.

आजी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "निवृत्तीचं तसंच की. माय तिकडं वाघाला भ्याली, अन् पोरगं गुरूपाशी बसलं होतं."

ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेत वाघ आडवा आला, पळापळीत ज्ञानेश्वरांचा थोरला भाऊ निवृत्ती हरवला आणि गहिनीनाथांच्या गुहेत पोहोचला, ही कथा मी लहानपणापासून कीर्तनांत ऐकत आले आहे. पण नेहमी अनुग्रहाची कथा म्हणून. त्या रात्री त्याच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, डोंगरावर काय सोसले असेल, हे मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही विचारले नव्हते. कथेत जिला बोलायला जागा मिळालेली नाही तिच्या जागी जाऊन उभे राहण्याची सवय मला कादंबऱ्यांनी लावली, आणि त्या दुपारी ती सवय माझ्या श्रद्धेच्या कामी आली. आईला फक्त वाघ ठाऊक होता. गुहेतले पान तिच्यापुढे उघडलेले नव्हते, तरी ते लिहिले जात होते.

यात सुरक्षिततेचे आश्वासन नाही, हे मी जाणते. याच आईवडिलांना पुढे देहान्त प्रायश्चित्त घ्यावे लागले आणि चारही भावंडे पोरकी झाली. परंतु भीती हीसुद्धा आपण रचलेली कथाच असते, आणि फार दरिद्री कथा असते: तिच्यात एक मूल, एक संकट आणि अंधार, एवढेच असते. चांगला कादंबरीकार त्या खोलीत आणखी माणसे आणतो.

वाल्ह्याला पाण्याच्या टँकरपाशी धक्काबुक्की झाली आणि मी एका बाईंवर ओरडले. रात्री दिंडीतल्या एका ज्येष्ठांनी वारीत कादंबरी शोभत नाही असे सुनावले. त्यांच्या निष्ठेविषयी मला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे मला पटले नाही. संतांच्या चरित्रांनी वाढलेल्या आपल्या संप्रदायाला कथेची भीती नसावी.

नीरास्नान, चांदोबाच्या लिंबाचे उभे रिंगण, फलटण, वेळापूरचा धावा हे सगळे एकमेकांत मिसळून गेले. भीती रात्री येतच राहिली, पण तिच्यापाठोपाठ नामही येऊ लागले. वाखरीला मुलीशी निवांत बोलता आले. साखरेचे आकडे विचारून झाल्यावर तिच्या खोलीतल्या मैत्रिणीचे गाव कोणते, तिच्या घरी कोण कोण असते, ती रात्री किती वाजेपर्यंत जागते, हे मी प्रथमच विचारले, आणि मुलगी पुष्कळ वेळ सांगत राहिली.